म्युनिकचा तास आणि बेळगावचा प्रश्न : एका कनिष्ठ महाविद्यालयातलं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

मुंबईच्या गिरणगावातलं एक कनिष्ठ महाविद्यालय. बारावी कला, मराठी माध्यम, इतिहासाचा वर्ग. दुसऱ्या महायुद्धाची कारणं शिकवायची म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये इथल्या बाईंनी वर्गातच १९३८ ची म्युनिक परिषद भरवली. तास रंगला. शेवटच्या दहा मिनिटांत बेळगावचा विषय निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विभागातले कार्यकर्ते प्राचार्यांच्या केबिनबाहेर येऊन उभे राहिले.

इतिहास शिक्षकांच्या एका गटातर्फे मी तो तास बघायला बसलो होतो. नंतरच्या बैठकांनाही मला बोलावलं गेलं. संस्थेची आणि माणसांची ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

वर्गात पन्नासेक मुलं. बहुतेकांचे आजोबा गिरणीत होते. कोकणातली घरं जास्त, घाटावरची काही, आणि चार-पाच चंदगड-खानापूर पट्ट्यातली. चंदगड महाराष्ट्रात, खानापूर कर्नाटकात, सोयरीक दोन्हीकडे. एक मुलगी उडुपीकडच्या कुटुंबातली. वडिलांचं जवळच छोटं हॉटेल, घरात कन्नड, आणि मराठीचे मार्क वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त.

बाहेरचं वातावरण तापलेलं होतं. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा तिकडे मेडिकलला असलेली आपली मुलं परत आणायला विमानं गेली. पहिलं विमान २६ फेब्रुवारीला मुंबईत उतरलं, त्यात २१९ जण होते. वर्गातल्या एकाची मामेबहीण नंतरच्या एका विमानाने आली, त्यामुळे हे युद्ध या मुलांना टीव्हीपुरतं राहिलं नव्हतं. ३० सप्टेंबरला रशियाने युक्रेनचे चार प्रांत आपल्यात सामील झाल्याचं जाहीर केलं. आणि डिसेंबर उजाडता उजाडता आपला सीमाप्रश्न पेटला. ६ डिसेंबरला बेळगावजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं. दोन्हीकडचे व्हिडिओ मुलांच्या फोनवर फिरत होतेच.

बाईंचं दुखणं मात्र जुनं. पोरं पाच मार्कांचं उत्तर घोकून येतात: व्हर्सायचा तह, आक्रमक राष्ट्रवाद, तुष्टीकरणाचं धोरण, राष्ट्रसंघाचं अपयश. मुद्दे बरोबर, क्रमही बरोबर. पण राष्ट्रवाद आक्रमक झाल्यापासून रणगाडे हलेपर्यंत मधल्या पायऱ्या कोणत्या, कुठल्या पायरीवर कोण थांबू शकलं असतं, हे विचारलं की वर्ग गप्प. त्यांना त्या पायऱ्याच दाखवायच्या होत्या. म्हणून त्यांनी चेकोस्लोव्हाकियाचं सुडेटनलँड निवडलं. मला ही निवड अजूनही योग्य वाटते, कारण तिथे सगळं सहा-सात महिन्यांत, तारखेगणिक उलगडतं.

तास कसा झाला

जोडतास होता. चार ब्राउनपेपर चिकटवून युरोपचा नकाशा केला होता. गट सहा: जर्मनी, ब्रिटन, फ्रान्स, इटली, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. शिवाय एक एकटी भूमिका, सुडेटन जर्मनांचा पुढारी कोनराड हेन्लाइन. प्रत्येकाला बंद पाकीट. त्यात फक्त त्याला ठाऊक असलेली माहिती.

बाईंनी आधी पाया घातला. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य मोडलं, त्यातून चेकोस्लोव्हाकिया हा नवा देश झाला, आणि त्याच्या डोंगराळ कडेला सुमारे ३० लाख जर्मन भाषक राहिले. हा मुलूख १८७१ नंतरच्या जर्मन साम्राज्यात कधीच नव्हता. तो ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याचा होता. म्हणजे 'परत घ्यायचं' असं त्यात काही नव्हतं. पण तिथल्या लोकांच्या तक्रारी खोट्या होत्या का? तशाही नव्हत्या. सरकारी नोकऱ्यांत चेक लोकांना झुकतं माप मिळायचं. मंदीत काचेचे आणि कापडाचे कारखाने बंद पडले ते बहुतांश याच पट्ट्यातले. 'कापडाचे कारखाने बंद पडले' म्हटल्यावर या वर्गाला पुढे समजावून सांगावं लागलं नाही. १९३५ च्या निवडणुकीत तिथल्या जर्मन मतांपैकी सुमारे दोन तृतीयांश मतं हेन्लाइनच्या पक्षाला पडली.

मग १९३८. १२ मार्चला जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या, कारण दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रियात स्वातंत्र्यावर सार्वमत होणार होतं आणि ते हिटलरला होऊ द्यायचं नव्हतं. कुणी गोळी झाडली नाही. महिन्याभराने जर्मनीने आपल्या देखरेखीखाली सार्वमत घेतलं तेव्हा ९९ टक्क्यांहून जास्त मतं 'होय'ची निघाली. वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून एक आवाज आला, "मॅडम, सोसायटीच्या निवडणुकीत पण एवढी नाय पडत."

हेन्लाइनच्या पाकिटात एकच कागद होता: २८ मार्च १९३८ रोजी हिटलरशी झालेल्या भेटीतून त्याने घेतलेला अर्थ. आपण नेहमी इतकं मागायचं, की आपलं समाधान कधी होऊच शकणार नाही. हेन्लाइन झालेला मुलगा खानापूरकडचा. तो कागद वाचून त्याने बाईंकडे पाहिलं आणि पाकीट खिशात टाकलं. पुढचा तासभर तो ते इतकं सही वठवत होता, की चेक गटाच्या दोन मुली रडकुंडीला आल्या. स्वायत्तता देतो म्हटलं, की याला पोलीस हवेत. पोलीस देतो म्हटलं, की परराष्ट्र धोरणात बदल हवा. प्रत्यक्षातही असंच घडलं. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात चेकोस्लोव्हाकियाचे अध्यक्ष बेनेश यांनी जवळपास सगळ्या मागण्या मान्य करून टाकल्या, आणि सुडेटन पुढाऱ्यांची पंचाईत झाली. ७ सप्टेंबरला ओस्त्रावा शहरात पोलिसांशी झालेल्या धक्काबुक्कीचं निमित्त मिळालं आणि त्यांनी बोलणी तोडली.

परिषदेसाठी बाईंनी चेक गटाला वर्गाबाहेर, कॉरिडॉरमधल्या बाकावर बसवलं. २९ सप्टेंबर १९३८ ला म्युनिकमध्ये टेबलाभोवती चौघंच होते: जर्मनीचा हिटलर, इटलीचा मुसोलिनी, ब्रिटनचे चेंबरलेन, फ्रान्सचे दलादिए. ज्यांचा देश कापला जात होता त्यांचे प्रतिनिधी हॉटेलात निरोपाची वाट बघत बसले होते. आत 'चेंबरलेन' घड्याळाकडे बोट दाखवून 'दलादिए'ला समजावत होता, "एवढा पट्टा गेला तर काय होतं? लढाई तर टळेल." वीस मिनिटांनी बाहेर कागद गेला. त्यातल्या एका मुलीने तो वाचला आणि म्हणाली, "सही कुठे करायची?" बाई म्हणाल्या, "तुझी सही लागत नाही."

आता पोलंड. पोलंडच्या पाकिटात लिहिलं होतं की हीच वेळ आहे, चेकोस्लोव्हाकियाच्या सीमेवरचा तेशिनचा तुकडा मागून घ्या. गटातल्या मुलीने मागितला, मिळाला, आणि तिने टाळी वाजवून नकाशावर लाल स्केचपेनने रेघ ओढली. ऑक्टोबर १९३८ च्या सुरुवातीला पोलंडने खरंच तो घेतला होता. नोव्हेंबरमध्ये हंगेरीने स्लोव्हाकियाचा दक्षिण पट्टा घेतला. शेजाऱ्याच्या घरात चोर शिरल्याचं बघून आपणही एखादं भांडं उचलावं, तसं ते झालं. नंतर बाईंनी पुढच्या तारखा फळ्यावर लिहायला घेतल्या. १५ मार्च १९३९, प्राग. ३१ मार्च, ब्रिटनची पोलंडला हमी. २३ ऑगस्ट, जर्मनी-सोव्हिएत करार. १ सप्टेंबर. शेवटच्या तारखेपुढे त्यांनी 'पोलंड' लिहिलं तेव्हा त्या मुलीच्या हातात स्केचपेन तसंच होतं.

इथे तास संपला असता तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती.

अडचण

हेन्लाइन झालेल्या मुलाने हात वर केला. "मॅडम, मग आमचं काय चुकलं? आम्हीपण तेच म्हणतो की. आमची भाषा, आमचा मुलूख, आम्हाला तिकडे राहायचं नाही. आमच्या मामांवर केस आहे १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळला म्हणून. ते काय नाझी आहेत का?"

वर्गात एकदम कालवा. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी "बेळगाव, कारवार, निपाणी"ची घोषणा सुरू केली. एकाने तावातावाने विचारलं, "मग गोवा? गोवा पण घेतलाच ना आपण सैन्य पाठवून?" उडुपीकडची मुलगी वहीत डोकं घालून बसली. बाई म्हणाल्या, "ते वेगळं आहे, आपण उद्या बोलू." तेवढ्यात घंटा झाली.

या गदारोळातली चाळीसेक सेकंदं कुणीतरी मोबाइलवर टिपली होती. त्यात 'ते काय नाझी आहेत का?' एवढं ऐकू येत होतं, आणि मागे फळ्यावर हिटलरचं नाव. रात्रीत ते व्हॉट्सॲपवर फिरलं, खाली ओळ: बेळगावच्या मराठी माणसाला नाझी म्हणणारी शिक्षिका. सकाळी साडेआठला तिघं-चौघं आले. आवाज चढलेला होता, पण शिवीगाळ नव्हती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: बाईंनी सगळ्या मुलांसमोर माफी मागावी आणि हा धडा बंद करावा.

बाईंच्या उत्तराबद्दल माझं मत सांगून टाकतो. 'ते वेगळं आहे' हे खरं होतं, पण कसं वेगळं हे सांगायला त्यांच्याकडे त्या क्षणी वेळ नव्हता, आणि मुलांनी त्याचा अर्थ 'आपलं ते बरोबर' असा घेतला. ज्याने प्रश्न विचारला त्याला तर तेही समाधान मिळालं नाही. तासभर आपल्याकडून खलनायकाचं काम करून घेतलं आणि शेवटी आपल्याच घरच्यांना त्याच्या रांगेत बसवलं, असं त्याला वाटलं असणार.

समोर असलेले पर्याय

प्राचार्यांच्या केबिनमध्ये दुपारी बैठक झाली. प्राचार्य, उपप्राचार्य, बाई, राज्यशास्त्राचे एक सर आणि मी.

प्राचार्यांचा पहिला कल हा विषय मिटवण्याकडे होता. उरलेला भाग नोट्स देऊन संपवायचा, सहामाहीनंतर पोर्शन तसाही मागे आहे. यात कुणाची नोकरी धोक्यात येत नव्हती. पण मुलांनी जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्यांना शाळाकॉलेजात मिळत नाही हे त्यांना कळलं असतं, आणि उत्तर देणारे बाहेर तयारच होते.

माफीचा पर्याय उपप्राचार्यांनी मांडला. माफी नाही तर निदान 'भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी' असं एक पत्र. बाईंनी ठाम नकार दिला. त्यांनी ते वाक्य उच्चारलंच नव्हतं, उच्चारलं होतं मुलाने, आणि तेही प्रश्न म्हणून. पत्र दिलं असतं तर आळ त्या मुलावर गेला असता. हा मुद्दा बैठकीत सगळ्यांनाच पटला, आणि माझ्या मते तिथेच बैठकीचं वळण बदललं.

राज्यशास्त्राच्या सरांनी सुचवलं की तुलना करायचीच तर युक्रेनशी करावी. २०१४ मध्ये क्रिमिया, घाईघाईने घेतलेलं सार्वमत, दोनच दिवसांत सामीलनामा, रशियन भाषकांच्या रक्षणाचं कारण, आणि आठ वर्षांनी मोठं युद्ध. साखळी जुळते, आणि इथलं कुणी दुखावत नाही. सूचना चांगली होती. पण मुलांनी युक्रेनबद्दल विचारलंच नव्हतं. त्यांचा प्रश्न टाळून दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देणं त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं. या वयात ते फार लवकर लक्षात येतं.

उरला पर्याय बेळगावचा प्रश्न उघडपणे घेण्याचा. जोखीम उघड होती. कागद आणि तारखा हातात नसताना हा विषय घेतला तर तास म्हणजे सभा होते. शिवाय वर्गात एक कन्नडभाषक मुलगी. तिला सगळ्यांदेखत कर्नाटकाची वकील करून बसवणं अन्यायाचं. बाईंना हे सुचलं नव्हतं असं नाही, पण बैठकीत ते बोलून दाखवलं उपप्राचार्यांनी, ज्यांनी आधी दिलगिरीचं पत्र सुचवलं होतं.

काय ठरलं आणि काय केलं

ठरलं ते असं. आलेल्या कार्यकर्त्यांना पत्र द्यायचं नाही, पण त्यांना बसवून, चहा देऊन, पूर्ण तास कसा झाला ते सांगायचं. पुढचा जोडतास याच प्रश्नाला द्यायचा, मात्र भूमिका वाटायच्या नाहीत. कुणी कुणाचा प्रतिनिधी नाही. मुलाशी आणि त्या मुलीशी बाईंनी आधी वेगवेगळं बोलायचं. फोन टेबलावर जमा.

कार्यकर्त्यांशी बोलणं अपेक्षेपेक्षा सोपं गेलं. त्यांच्यातले वयाने मोठे काका नकाशा बघत बसले. बाईंनी पाकिटातला हेन्लाइनचा कागद वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "आमचं तसं नाय हो. आम्हाला मिळालं असतं तर आम्ही कधीच घरी जाऊन झोपलो असतो." पुढे त्यांनी नेहमीची तक्रार केलीच, मुंबईच्या कॉलेजांत सीमाभागाचं काही शिकवत नाहीत म्हणून. त्यांच्यातला तरुण मात्र शेवटपर्यंत धुमसतच होता. 'आज गेलो म्हणजे विषय संपला असं समजू नका,' असं बजावून तो गेला.

काकांचं वाक्य बाईंनी पुढच्या तासाचा कणा केलं. फळ्यावर दोन रकाने, डावीकडे सुडेटनलँड, उजवीकडे सीमाभाग, आणि वर प्रश्न: मागितलं ते मिळालं तर मागणारा थांबतो का?

डावीकडे मुलांनी आदल्या तासातलं भरलं. स्वायत्तता मिळाली तरी बोलणी तुटली. २६ सप्टेंबरला हिटलरने जाहीर भाषणात सांगितलं की युरोपातली ही आपली शेवटची प्रादेशिक मागणी. तीन दिवसांनी ती पुरी झाली. साडेपाच महिन्यांनी फौजा प्रागमध्ये. तिथे जर्मन लोकांचं रक्षण वगैरे कारणच नव्हतं, राहत होते ते चेक. ब्रिटनमधलं मत फिरलं ते प्रागनंतर. तोपर्यंत अनेकांना हा स्वभाषकांना एकत्र आणण्याचा, म्हणजे थोडाफार न्यायाचा, प्रकार वाटत होता. प्राग घेतल्यावर हिटलरच्या शब्दाची किंमत शून्य झाली, आणि शब्दाला किंमत नसेल तर तडजोड करायची कशावर? म्हणून पोलंडलगतच्या डान्झिग बंदराच्या वेळी, जिथे बहुसंख्य लोक खरोखर जर्मन होते, तिथे कुणी ऐकून घ्यायला तयार नव्हतं. प्रत्येक वेळी गिळलेला मुलूख पुढच्या घासाची ताकद देत होता, हाही मुद्दा मुलांनीच काढला: ऑस्ट्रियाच्या बँकेतलं सोनं, सुडेटन डोंगरातली चेक तटबंदी, मग स्कोडाचे तोफांचे कारखाने.

उजवीकडचा रकाना भरायला वेळ लागला. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५, पुनर्रचना १ नोव्हेंबर १९५६, बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, फ्लोरा फाउंटनचा गोळीबार, १ मे १९६०. इथे मुलं सरसावली, कारण हुतात्मा चौक त्यांच्या रोजच्या बसच्या वाटेवर. मग सीमावादासाठी नेमलेला १९६६ चा महाजन आयोग, १९६७ चा अहवाल, तो महाराष्ट्राला अमान्य. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात. बाईंनी विचारलं, "यात सैन्य कुठल्या ओळीत आहे?" एक मुलगा म्हणाला, "मॅडम, दोन्हीकडे सैन्य एकच आहे." तो उपहासाने म्हणाला की सरळ, मला कळलं नाही. पण फरक त्यात नेमका आला होता. दोन राज्यं एका संविधानाखाली भांडतात. हरलेल्याला न्यायालय आहे, निवडणूक आहे, पुढची पिढी आहे. १९३८ मध्ये राष्ट्रसंघाकडे कुणी गांभीर्याने बघतही नव्हतं.

बाईंनी दुसरी बाजूही झाकली नाही. दगडफेक, काळं फासणं, इकडे राहणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेवरून हटकणं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं, असं त्यांनी विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकाने दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर लिहायला सांगितलं. ते तिथे लिहिलं गेलं.

गोव्याचा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. पोर्तुगालची साडेचारशे वर्षांची वसाहत, स्वातंत्र्यानंतर चौदा वर्षं वाटाघाटींना नकार, डिसेंबर १९६१ ची लष्करी कारवाई, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीत भारताविरुद्धच्या ठरावावर सोव्हिएत संघाने वापरलेला नकाराधिकार. वसाहत सोडवणं आणि शेजारी देश गिळणं यात अंतर आहे, पण बळाचा वापर झालाच नाही असं म्हणता येत नाही, इतकं सांगून त्यांनी तो मुद्दा उघडाच ठेवला. काही मुलांना ते आवडलं नाही.

उडुपीकडच्या मुलीने तासाच्या शेवटाकडे हात वर केला. तिचा प्रश्न कर्नाटकाबद्दल नव्हताच. "ज्या जर्मनांना हेन्लाइन नको होता, ते पण तिथेच राहत होते ना? त्यांचं काय झालं?"

मला वाटतं हा त्या दोन्ही तासांतला सगळ्यात चांगला प्रश्न. बाईंना उत्तर माहीत होतं. सुडेटन जर्मनांत समाजवादी होते, हिटलरविरोधी होते. म्युनिकनंतर चेक भागात पळालेल्यांपैकी बऱ्याच जणांना परत पाठवलं गेलं, अनेकांची रवानगी डाखाउच्या छळछावणीत झाली. आणि युद्ध संपल्यावर, १९४५ पासून दोन-तीन वर्षांत, चेकोस्लोव्हाकियाने सुमारे ३० लाख जर्मनांना देशाबाहेर घालवलं. कोण हेन्लाइनच्या बाजूचा होता आणि कोण नव्हता, ही चौकशी फारच थोड्यांच्या बाबतीत झाली. ज्यांच्या नावाने मुलूख मागितला त्यांच्याच पिढ्यानपिढ्यांची घरं गेली. हेन्लाइनने मे १९४५ मध्ये अमेरिकनांच्या कैदेत आत्महत्या केली. खानापूरकडचा मुलगा हे ऐकत होता. त्याने फक्त विचारलं, "म्हातारीकोतारी पण?" बाई म्हणाल्या, "सगळी."

शेवटची पाच मिनिटं बाईंनी मुंबईला दिली. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या कुणालाही न विचारता भारत युद्धात असल्याचं जाहीर केलं. २ ऑक्टोबरला मुंबईच्या गिरण्यांमधले सुमारे ९० हजार कामगार युद्धाविरुद्ध एक दिवसाच्या संपावर गेले. त्यानंतर मुंबई प्रांताच्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळ्याने भरलेलं 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं आणि शेकडो माणसं गेली. तेशिन आणि ओस्त्रावा नकाशावर शोधावं लागलेल्या वर्गाला व्हिक्टोरिया डॉक शोधावं लागलं नाही.

परिणाम

व्हिडिओ दोन-तीन दिवसांत मागे पडला. डिसेंबरअखेर दोन्ही विधिमंडळांनी सीमाप्रश्नावर ठराव केले, त्यामुळे व्हॉट्सॲपला नवा माल मिळाला. कार्यकर्ते परत आले नाहीत. एका पालकांचा लेखी तक्रारअर्ज मात्र आला: परीक्षा तोंडावर असताना राजकारण शिकवतात. प्राचार्यांनी तो फाइलला लावला. त्याला उत्तर गेलं नाही. ते द्यायला हवं होतं असं मला वाटतं, कारण पालकांची परीक्षेची काळजी खोटी नव्हती.

सराव परीक्षेत बाईंनी प्रश्न बदलून घातला: म्युनिक करारानंतर युद्ध टळलं असं लोकांना का वाटलं, आणि ते का टळलं नाही? बहुतेक उत्तरांत प्राग आलं. काहींनी जुनेच चार मुद्दे सवयीने लिहिले. खानापूरकडच्या मुलाने दीड पान लिहिलं. त्यातली दोन वाक्यं त्याच्या परवानगीने: "तक्रार लोकांची होती पण ती वापरली दुसऱ्यानेच. आणि ज्याने वापरली त्याला तक्रार मिटायला नको होती." गुण पाचपैकी साडेचार, अर्धा शुद्धलेखनाचा गेला. घरी मामांशी त्याचं यावरून भांडण झालं, असं त्याने बाईंना सांगितलं. कोण काय म्हणालं ते सांगितलं नाही.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. ज्यांनी पहिल्या दिवशी घोषणा दिल्या त्यांतल्या दोघांना दुसरा तास म्हणजे बाईंनी घेतलेली माघार वाटली. उडुपीकडच्या मुलीशी काही जण जानेवारीपर्यंत नीट बोलत नव्हते, हे बाईंना उशिरा कळलं.

निर्णयाचे क्षण, आणि वेगळं काय करता येईल

हेन्लाइनची भूमिका कुणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. हे बदलायला हवं. सीमाभागातल्या मुलाला ती देऊच नये असं मी म्हणणार नाही, कारण सगळ्यात खोलवर तोच शिकला. पण देण्याआधी त्याच्याशी बोलायला हवं, आणि पाकिटातला कागद तासाच्या शेवटी सगळ्यांसमोर वाचायला हवा. पहिल्या दिवशी तो खिशातच राहिला. त्यामुळे बाकी वर्गाच्या दृष्टीने हेन्लाइन हा हट्टी पण खरा लोकनेता ठरला, आणि बेळगावशी तुलना तिथूनच सुचली.

दुसरं, वेळेचं. बाईंनी हा तास सीमाप्रश्न पेटलेल्या आठवड्यात ठेवला तो पोर्शनच्या हिशेबाने. काही सहकाऱ्यांचा सल्ला असा की असा विषय थंड हवेत घ्यावा. मला तसं वाटत नाही. तापलेल्या आठवड्यात मुलं प्रश्न विचारतात, थंड हवेत नोट्स मागतात. मात्र तापलेल्या आठवड्यात घ्यायचं तर शेवटची वीस मिनिटं मोकळी हवीत. दहा मिनिटांत घंटा झाली, इथे सगळं बिनसलं.

तिसरं, 'ते वेगळं आहे' याऐवजी त्या क्षणी काय म्हणता आलं असतं? राज्यशास्त्राच्या सरांचं उत्तर मला पटलं: "प्रश्न बरोबर आहे, फळ्यावर लिही." मुलाने स्वतः लिहिलं असतं तर तो प्रश्न म्हणून राहिला असता, आरोप म्हणून फिरला नसता.

पुढच्या वर्षीसाठी बाईंनी दोन बदल ठरवले. सुडेटन समाजवाद्यांचा एक वेगळा गट, ज्याच्या पाकिटात सुरुवातीपासून लिहिलेलं असेल की आम्हालाही इथेच राहायचं आहे, पण चेक राज्यात. आणि पोलंडच्या गटाला तेशिन मागण्याआधी एक कोरी चिठ्ठी, तिच्यावर त्यांनी लिहायचं: आज जो आपल्याला तुकडा देतो आहे, तो उद्या आपल्याकडे काय मागेल? उपप्राचार्यांनी या सगळ्याला तिसरा जोडतास लागेल म्हणून वेळापत्रकाचा हिशेब मागितला आहे. तो अजून जुळलेला नाही, भूगोलाच्या सरांकडून एक तास उसना घेण्याची बोलणी चालू आहेत.